दाणी मॅडमची जुळणी

प्रभा दाणी मॅडम खुर्चीत बसल्या तरी पूर्ण बसल्यासारख्या वाटायच्या नाहीत. खुर्चीच्या कडेला, एका अंगावर, पर्स मांडीत धरून. जरा दम खाते आणि निघते, अशा बसायच्या आणि संध्याकाळपर्यंत तशाच बसून राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही बाई जेवणाच्या सुटीपर्यंत टिकत नाही. टिकल्या त्या आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त. पण थकवा त्यांच्या अंगावर पहिल्या दिवसापासून होता आणि तो कधी उतरलेला मी पाहिला नाही.

बालाघाटला काली पुतली चौकाच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. साल दोन हजारच्या आगेमागेची गोष्ट. काम बाहेरच्या एका संस्थेचं होतं. किरनापूर, लांजी, परसवाडा, भरवेली या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणी कोणीतरी आधी टेपवर घेतल्या होत्या आणि त्या कंप्युटरवर टाइप करून झाल्या होत्या. आता त्या मजकुरातल्या शब्दांना टॅग लावायचे होते. कोणी ‘ताप’ म्हणतं, कोणी ‘बुखार’, कोणी ‘आंग तपलं’. तिन्हींवर ‘आजार’ असा एकच टॅग लावायचा. उद्या कोणी कंप्युटरला विचारलं की आजाराबद्दल लोक काय बोलले ते दाखव, तर तिन्ही ठिकाणं निघाली पाहिजेत. कोणते टॅग वापरायचे हे वरून ठरून आलं होतं. सगळ्यात वर ‘अस्तित्व’, त्याखाली सजीव, निर्जीव, घटना, मग त्यांच्या फांद्या आणि फांद्यांच्या फांद्या. साहेब लोक त्याला ऑन्टॉलॉजी म्हणायचे. आमच्यापैकी कोणाच्या तोंडात तो शब्द बसला नाही. आम्ही त्याला झाड म्हणायचो. ‘झाडात पाय ना’, म्हणजे बघ ना, ‘झाडात नाही आहे ते’, असं दिवसभर चालायचं.

मी वारासिवनीहून रोज बसनं यायचो आणि कंप्युटर सांभाळायचो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर किती मशीन चालवायची, फॉन्ट बिघडून सगळी पानं पोरांच्या रेघोट्यांसारखी दिसायला लागली की ती पुन्हा कशी वाचती करायची, ही माझी कामं. शिवाय एक जुळणी करावी लागायची. प्रत्येक मजकूर दोघांना वेगवेगळा दिलेला असायचा. एकमेकांना न विचारता टॅग लावायचे. मग मी दोन्ही प्रती मशीनवर समोरासमोर ठेवायचो आणि किती जुळलं ते काढायचो. जुळत नव्हतं. वरून पुन्हा पुन्हा विचारणा होऊ लागली की काहून जुळत नाही. शेवटी ते शोधायला दाणी मॅडमना नेमलं. लोक झाड कसं वापरतात, कुठं अडतात, कुठं चुकतात, हे तपासायचं आणि लिहून द्यायचं, एवढंच त्यांचं काम.

मॅडम मूळच्या बालाघाटच्याच. वडील कलेक्टर ऑफिसात होते. मॅडमनी नागपूरला एका शब्दकोशाच्या कामात उभं आयुष्य काढलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि आई अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं सोडून परत आल्या होत्या. आईला रात्रभर उठवावं, बसवावं लागायचं. त्यामुळे सकाळी जिना चढून आल्या की त्या आधी दाराच्या चौकटीला टेकायच्या आणि म्हणायच्या, “झोप बाकी आहे.” तक्रारीचा सूर नसायचा. हजेरी लावावी तसं म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर चिकटवलेल्या झाडाच्या छापील कागदांसमोर उभं राहून, चष्मा वर ढकलून बराच वेळ वाचलं. मग मला विचारलं, “नरेन, यात भूक कुठं आहे?”

आम्ही सगळे शोधायला लागलो. ‘अन्न’ होतं. ‘अन्नटंचाई’ होती, ती घटनांमध्ये. भूक शेवटी सापडली ‘शारीरिक लक्षणे’ या फांदीवर, खाज आणि खोकल्याच्या मधे.

मॅडम त्या जागेकडे बघत राहिल्या. “असू दे,” म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेला जाऊन बसल्या. ‘असू दे’ हा त्यांचा शब्द होता. पण त्यांनी सोडून दिलं असा त्याचा अर्थ होत नाही, हे आम्हाला पुढं कळलं. ‘असू दे’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट त्या लक्षात ठेवायच्या.

टॅग लावणारे सगळे त्यांना टरकून होते. पेपर तपासायला बाई आली, आता कोणाला काढणार, अशी कुजबुज. त्यात भरवेलीची चंद्रकला मेश्राम होती. नुकतीच बीए झालेली, घरातली एकटी कमावणारी, बोलायला फटकळ. आणि रहांगडाले गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, डोक्यावर टोपी, कामात सगळ्यात झटपट. बाकीचे येऊन जाऊन असायचे. हे दोघं पक्के.

मॅडमनी पहिले काही आठवडे कोणाचं काही तपासलंच नाही. एका कोपऱ्यातल्या मशीनवर बसून त्यांनी स्वतःच टॅग लावले. एक मजकूर पूर्ण केला, माझ्याकडे दिला आणि ठेवून घे म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी तोच मजकूर पुन्हा कोरा मागितला, पुन्हा टॅग लावले, आणि मला म्हणाल्या, “आता माझी माझ्याशी जुळणी कर.”

मी केली. आकडा पाहून मला तो सांगायची लाज वाटायला लागली. त्यांनी पडद्यावर स्वतःच वाचला. मग सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, “हे बघा. माझंच माझ्याशी जुळत नाही. त्या दिवशी एका म्हातारीच्या बोलण्यात मला नुकसान दिसलं होतं. आज त्याच ओळीत मला राग दिसला. दोन्ही वेळा मी शुद्धीवर होते.”

चंद्रकला फिस्सकन हसली. मग गुरुजीही हसले. ऑफिसातली भीती त्या दिवशी गेली. तेव्हापासून मॅडम कोणाच्याही शेजारी जाऊन बसल्या की तो माणूस खुर्ची सरकवून जागा करायचा. त्यांचं विचारणं ठरलेलं होतं. “चूक नंतर शोधू. आधी तुम्हाला काय दिसलं ते सांगा.” आणि समोरचा सांगत असताना त्या डोळे मिटून ऐकायच्या. कधीकधी वाटायचं झोपल्या. पण मधेच एखादा शब्द धरून विचारायच्या, तेव्हा कळायचं, सगळं ऐकलंय.

गुरुजींची गोष्ट त्यातूनच निघाली. गुरुजींची पानं भराभर व्हायची, पण त्यांच्या टॅगमध्ये एक गंमत होती. ‘पाणी’ दिसलं की ‘नैसर्गिक संसाधन’. नदीचं पाणी नैसर्गिक संसाधन, आणि ‘डोळ्यात पाणी आलं’ त्यातलं पाणीही नैसर्गिक संसाधन. ‘हात’ दिसला की ‘शरीराचा अवयव’, मग ‘त्यात माझा हात नव्हता’ असं कोणी म्हटलेलं असलं तरी. चंद्रकला हे मोठ्यानं वाचून हसायची. मॅडम हसल्या नाहीत. त्या गुरुजींच्या शेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, हे पान मला जरा वाचून दाखवता? माझे डोळे दुखून राहिलेत.”

गुरुजींनी मान पडद्याजवळ नेली. पहिली ओळ वाचली, अडखळले, पुन्हा सुरू केली. दुसऱ्या ओळीवर थांबले. मॅडमनी आम्हाला हातानंच बाहेर जायची खूण केली.

नंतर कळलं. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. पडद्यावरची ओळ त्यांना दिसतच नव्हती. ओळखीच्या शब्दाचा आकार दिसला की ते टॅग लावायचे आणि पुढं सरकायचे. मॅडमना म्हणाले होते, “बाई, सांगतलं असतं तं काढून टाकलं असतं मले. घरी बसून काय करू? सून बोलते.” मॅडमनी त्या दिवसापासून गुरुजींचा मजकूर मोठ्या अक्षरात छापून द्यायला लावला. गुरुजी कागदावर पेनानं टॅग लिहायचे, मी ते मशीनवर चढवायचो. त्यांचं काम एकदम हळू झालं आणि एकदम चांगलं. मॅडमनी वर कळवताना एवढंच लिहिलं की पडद्यावरची अक्षरं फार लहान आहेत, त्यानं चुका होतात. गुरुजींचं नाव कुठं आलं नाही.

मग आली ती खाणीची ओळ.

भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काम केलेल्या एका माणसाचं बोलणं होतं. मजकुरावर नावं नसायची, नुसते क्रमांक असायचे. त्यात तो म्हणतो, ‘खाणीनं मले पोसलं, अन् खाणीनंच माह्या भावाले खाल्लं.’ गुरुजींनी खाणीला टॅग लावला ‘स्थळ’. चंद्रकलेनं लावला ‘व्यक्ती’. मशीननं लाल रेघ मारली. मी मॅडमना दाखवलं.

मॅडमनी दोघांना बसवलं. गुरुजी म्हणाले, “खान म्हनजे जागाच न, बाई. झाडात साफ लिवलं आहे, खान, कामाचं ठिकान.”

“चंद्रकला, तुला काय दिसलं?”

“तो खाल्लं म्हणून राह्यला ना, मॅडम. जागा खाते का?” ती म्हणाली. मग खाली बघून हळू म्हणाली, “हा माहा मोठा मामा आहे. जो गेला तो लहाना मामा. मी तेव्हा पाचवीत होती. घरी सगळे असंच म्हणते अजून, खाणीनं नेला.”

गुरुजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मॅडमनी ‘असू दे’ही म्हटलं नाही.

दोन-तीन दिवसांनी त्या मला म्हणाल्या, भरवेलीला जाऊन येऊ. चंद्रकला, मी आणि त्या, असे टेम्पोत बसून गेलो. मामा अंगणात खाटेची सैल झालेली दोरी ताणत बसले होते. उंच, वाळलेले, खोकला लागलेले. चंद्रकलेनं ओळख करून दिली. मॅडम खाटेच्या कडेलाच बसल्या आणि कागद काढून ती ओळ वाचली.

मामांनी दोरी सोडली. “असं कोन म्हनलं?”

“तुम्हीच म्हटलंय.”

“म्या?” ते चंद्रकलेकडे बघायला लागले. “म्हनलं असन. तवा म्हनलं असन.”

“तुमच्या मनात काय होतं म्हणताना? खाण ही जागा म्हणून, की कोणी जित्ती, माणसासारखी?”

मामांनी खूप वेळ विचार केला. मला वाटलं, आता काहीतरी निघणार, ज्यानं आमचा सगळा प्रश्न मिटेल. मामा म्हणाले, “मले काय मालूम, बाई. तो टेपवाला सामोर बसला होता. भाऊ कसा गेला म्हनून पुसलं त्यानं. मी बोलून गेलो.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आता ते तुमच्या कंप्युटरमधी राहीन का?”

“राहील.”

“मंग राहू द्या,” ते म्हणाले आणि पुन्हा दोरी ताणायला लागले. आत चंद्रकलेच्या मामीनं चहा केला. तो पिऊन आम्ही निघालो.

परत येताना टेम्पोच्या आवाजात चंद्रकला ओरडून म्हणाली, “मंग मॅडम, कोणाचा टॅग बरोबर झाला?”

मॅडमनी डोळे मिटलेले होते. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “आणि माहीत नाही असं लिहायला त्या झाडात जागा नाही.”

त्यानंतर त्यांनी अशा ओळी वेगळ्या काढायला सुरुवात केली. मेलेल्या बायकोशी बोलणारा माणूस. तांदळाची पेज, कोणी ‘अन्न’ लावलेली, कोणी ‘औषध’. जंगल कोणाचं ‘स्थळ’, कोणाचं ‘नातं’, आणि नातं हा टॅग लावणाऱ्या बाईला झाडातली ती फांदी शोधायला अर्धा दिवस गेलेला. जिथं माणसं काही मनापासून बोलली होती तिथं जुळत नव्हतं. जिथं तारखा, गावांची नावं, बैलांच्या जाती होत्या तिथं छान जुळत होतं.

संस्थेकडून आमचं काम बघायला सक्सेनासाहेब यायचे. चांगले गृहस्थ होते. येताना सगळ्यांसाठी पेढे आणायचे. पण त्यांच्याही वर कोणीतरी होतं. त्या वेळी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. म्हणाले, “मैडम, मुझे बस अच्छा आँकड़ा चाहिए. जो पन्ने मैच नहीं होते, उन्हें हटा दीजिए.”

“हटा दूँगी तो बचेगा क्या, साहब?” मॅडम म्हणाल्या. “जिन पन्नों में किसी ने कुछ कहा ही नहीं, वही.”

“तो दोनों को साथ बिठाइए. आपस में तय कर लें, फिर लगाएँ.”

“वो तो एक ही आदमी का काम हो गया, दो नाम से.”

साहेब खुर्चीतून न उठता म्हणाले, “ये बंद हो गया तो इन लोगों का क्या होगा, आप सोच लीजिए.” धमकी नव्हती ती. त्यांना खरंच काळजी वाटत होती. म्हणून ते बोलणं जास्त लागलं.

मॅडमनी अहवाल पाठवायच्या आधी आम्हाला बसवून त्यात काय आहे ते सांगितलं. लोकांनी काम प्रामाणिकपणे केलं आहे. झाड इथल्या बोलण्याला पुरत नाही. जिथं दोन टॅग लागतात तिथं दोन्ही राहू द्यावेत, आणि झाड नव्यानं लावावं. “हे वाचून ते झाड बदलतील किंवा काम थांबवतील,” त्या म्हणाल्या. “थांबवतील असंच मला वाटतं.”

“मंग काहून लिहिता?” चंद्रकला म्हणाली.

“त्यांनी मला हेच विचारलंय म्हणून.”

“थोडं कमी लिहा ना, मॅडम. एवढं सगळं काहून सांगावं लागते? आमचं पाहा जरा.”

मॅडमनी चष्मा काढला आणि डोळे चोळत बसल्या. “कमी लिहून पाहिलं मी,” त्या म्हणाल्या. “मामांची ओळ काढली. मग दुसरी काढावी लागली. मग कुठं थांबायचं ते कळेना.” त्या चंद्रकलेकडे बघत होत्या. आपल्याला ती समजून घेईल अशी आशा त्या नजरेत नव्हती. समजावून सांगायची ताकदही नव्हती.

अहवाल गेला. उत्तर आलंच नाही. काही महिन्यांनी काम पुढं चालू राहणार नाही एवढा निरोप आला आणि एका दुपारी मेटाडोर येऊन कंप्युटर घेऊन गेली. मी वायरी गुंडाळत होतो. चंद्रकला जिन्यात उभी होती. मॅडम खाली उतरायला लागल्या तशी ती म्हणाली, “तुमचं खरं झालं, मॅडम. माह्या घरचं बंद झालं.”

“हौ,” मॅडम म्हणाल्या. त्या नेहमी ‘हो’ म्हणायच्या. कठड्याला धरून एक-एक पायरी उतरत गेल्या. चंद्रकलेनं बाजूला होऊन जागा दिली, पण हात दिला नाही.

त्या उन्हाळ्यात मॅडम बालाघाटभर फिरत होत्या. खाजगी शाळा, कोचिंग क्लास, एक कापडाचं दुकानसुद्धा. चंद्रकलेसाठी शब्द टाकत. छत्री घेऊन, सावलीसावलीनं, मधे कोणाच्या ओट्यावर बसत. गुरुजींनी मला हे सांगितलं. त्यांचं तोवर ऑपरेशन झालं होतं आणि काळा चष्मा लावून ते चौकात बसायचे, त्यामुळे जाणारं-येणारं सगळं त्यांना दिसायचं. जूनमध्ये चंद्रकलेला एका शाळेत लहान वर्ग मिळाला. तो कोणामुळे मिळाला हे तिला ठाऊक होतं. तरी ती मॅडमशी बोलायला गेली नाही. मी एकदा तिला म्हणालो, जाऊन ये ना. ती म्हणाली, “जाईन. आत्ता नाही.”

मी पुढं वारासिवनीत बस स्टँडसमोर टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान टाकलं. दोन-तीन वर्षं गेली असतील. एका दुपारी ऊन रणरणत असताना दाणी मॅडम दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. कटंगीला मावसबहिणीकडे निघाल्या होत्या. बस चुकली होती. आई गेल्याचं त्यांनी सांगितलं. केस पूर्ण पांढरे झाले होते. मी खुर्ची दिली. या वेळी त्या मागं टेकून बसल्या.

पाणी प्याल्या. चहाला नको म्हणाल्या. मग विचारलं, “चंद्रकला काय म्हणते?”

मी म्हणालो, शाळेत रुळली आहे. पोरं तिला घाबरतात. मुख्याध्यापकही घाबरतो.

त्यांना हसू आलं. “रागावलेली आहे अजून?”

“सांगता येत नाही, मॅडम.”

“बरोबर आहे तिचं,” त्या म्हणाल्या. मी काहीतरी बोलणार होतो, की तुमचंही बरोबर होतं, पण त्यांची मान तोवर कलली होती. मी बघितलं तर त्या झोपल्या होत्या. खरंच झोपल्या होत्या, तोंड जरा उघडं, पर्स मांडीवरून घसरलेली. मी पर्स उचलून टेबलावर ठेवली. ऊन त्यांच्या पायावर येत होतं म्हणून शटर अर्धं ओढलं. झेरॉक्सला एक गिऱ्हाईक आलं, त्याला नंतर ये म्हणालो.

कटंगीची बस लागल्याचा पुकारा झाला तेव्हा मला त्यांना उठवावं लागलं. क्षणभर त्यांनी मला ओळखलं नाही. मग “अरे, नरेन,” म्हणून उठल्या. मी त्यांना बसपर्यंत नेलं, वर चढवलं. खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी मोठी टोपली घेतलेली एक गावाकडची बाई होती. बस सुरू व्हायच्या आत मॅडमनी खिडकीच्या गजाला डोकं टेकलं आणि त्यांचे डोळे पुन्हा मिटले.

बस हलली. मी खालून हात हलवला. मॅडमना ते दिसलं नाही. शेजारच्या त्या बाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून की काय, टोपलीवरचा आपला हात काढून तिनंच मला हलवून दाखवला.